आयत्या परांचीचे माहात्म्य

अलीकडे सुशिक्षित घरांतून एक नवे कौतुक ऐकू येऊ लागले आहे. महाविद्यालयात शिकणारी मुले सुट्टीत घरी येतात, गणकयंत्राला एका ओळीची आज्ञा देतात, त्याने विचारलेल्या दोन-तीन प्रश्नांची उत्तरे देतात, आणि दहा मिनिटांच्या आत 'सर्व्हर तयार झाला' असे जाहीर करतात. हा सर्व्हर कसला, तर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्यकाला बाहेरच्या जगात काम करण्यासाठी साधने पुरविणारा. वडील मंडळींना त्यातले फारसे उमगत नाही. परंतु एवढे मोठे काम इतक्या थोडक्या वेळात झाले, या वार्तेनेच त्यांचे समाधान होते. आमचे समाधान मात्र होत नाही. ते का होत नाही हे सांगण्याकरिता आम्ही हा लेख लिहीत आहो. ज्यांना हे कौतुक प्रिय आहे त्यांनी तो रागावून का होईना, पण शेवटपर्यंत वाचावा, अशी आमची विनंती आहे.

प्रथम वस्तू काय आहे ते पाहू. संभाषण करणारे जे यंत्र-साहाय्यक आज सर्वत्र वापरात आले आहेत, त्यांचे मूळचे सामर्थ्य शब्दांपुरतेच आहे. शिकवणीच्या काळी त्यांच्यापुढे जे लिखाण आले त्याच्या आधारावर ते बोलतात. रावेरकडे आज केळीला काय भाव निघाला, हतनूरच्या धरणात पाणी किती आहे, अथवा एखाद्या पतपेढीत अमुक खातेदाराच्या नावे शिल्लक किती, हे त्यांना स्वतःहून कळण्यास मार्ग नाही. तो मार्ग कोणीतरी बांधून द्यावा लागतो. पूर्वी प्रत्येक साहाय्यकासाठी आणि प्रत्येक माहितीसाठ्यासाठी निराळा मार्ग बांधावा लागत असे. २०२४ च्या नोव्हेंबरात अँथ्रॉपिक या अमेरिकन कंपनीने 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' या नावाचा एक खुला संकेत प्रसिद्ध केला. २०२५ च्या मार्चमध्ये ओपनएआय या तिच्या प्रतिस्पर्धी कंपनीने तो स्वीकारला, पुढच्याच महिन्यात गुगलनेही त्याला संमती दिली, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्याचा कारभार लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली सोपविण्यात आला. रुळांमधील अंतर एकदा सर्वांनी मान्य केले म्हणजे कोठलेही डबे कोठल्याही इंजिनास जोडता येतात, तसा हा प्रकार आहे. भुसावळसारख्या जंक्शनाच्या शेजारी राहणाऱ्यांना त्याची सोय निराळी समजावून देण्याचे कारण नाही.

या संकेताप्रमाणे साधने पुरविणारी जी आज्ञावली, तिला सर्व्हर म्हणतात. साहाय्यक जेथे वावरतो तेथून तिला प्रथम हाक जाते. दोन्ही पक्ष परस्परांना आपली आवृत्ती व आपली कुवत सांगतात. नंतर 'तुझ्यापाशी कोणती साधने आहेत?' असा प्रश्न येतो. उत्तरादाखल सर्व्हर एक यादी पाठवितो. प्रत्येक साधनाचे नाव, ते काय करते याचे साध्या भाषेतील वर्णन, आणि ते चालविण्यास कोणती माहिती पुरवावी लागेल तिचा तक्ता, हा त्या यादीचा मुख्य ऐवज. साहाय्यक ती यादी वाचतो आणि कोणते साधन केव्हा उचलावे हे ठरवितो. वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. साधनाच्या पोटात काय चालले आहे हे साहाय्यकाला दिसत नाही. त्याच्यापुढे असते ते केवळ वर्णन. त्या चार ओळींवर विश्वासून तो कामास लागतो.

आता दहा मिनिटांचे रहस्य. असा सर्व्हर आरंभापासून हाताने लिहिण्याचे कष्ट वाचावेत म्हणून त्याचा सांगाडा आयता उभा करून देणाऱ्या आज्ञा निघाल्या आहेत. या धंद्यातील लोक त्या सांगाड्यासाठी जो इंग्रजी शब्द योजतात त्याचा मूळ अर्थ परांची, म्हणजे भिंत बांधताना गवंडी बांबू व दोर यांची जी उंच मांडणी उभी करतात ती. आज्ञा दिली की नाव विचारले जाते. नंतर एक कप्पा तयार होतो. त्यात बाहेरून आणावयाच्या तयार आज्ञावलींची यादी, मूळ लिखाणाचे पान, मार्गदर्शनाचे पान, आणि नमुन्यादाखल एखादे साधन असते. हा नमुना बहुधा दोन अंकांची बेरीज करणारा, किंवा एखादे टिपण लिहून ठेवणारा. साहाय्यकाला या सर्व्हरचा पत्ता दिला म्हणजे तो खरोखरच बेरीज करवून आणून दाखवितो. घरात टाळ्या वाजतात.

परांचीशी आमचे वैर नाही, हे येथेच स्पष्ट करून टाकतो. ओळख पटविण्याचा विधी, संदेशांची घडण, चुकीचा संदेश आल्यास द्यावयाचे उत्तर, हे सर्व सर्वांना सारखेच लागते. संकेताच्या आवृत्त्या बदलतात, आणि त्या बदलांवर लक्ष ठेवणारे जाणकार लोक ती मांडणी आपल्यापेक्षा चांगली करतात. ती पुन्हा हाताने करावयास बसणे हा वेळेचा अपव्यय आहे, आणि क्वचित निव्वळ अहंकारही. आमचा आक्षेप निराळा आहे. भिंत उभी राहिली की गवंडी परांची सोडतो, बांबू दुसऱ्या कामावर जातात, आणि घर आपल्या पायावर उभे राहते. आज्ञावलीची परांची कोणी सोडीत नाही. तिच्यावरच गिलावा होतो, तिलाच रंग दिला जातो, आणि काही दिवसांनी तीच भिंत म्हणून ओळखली जाते.

१९३६ च्या डिसेंबरात आमच्या याच मुलखात, फैजपूर येथे, काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. त्यासाठी वसविलेले टिळकनगर शांतिनिकेतनच्या नंदलाल बोसांनी बांबूसारख्या स्थानिक सामग्रीने सजविले होते. ते नगर तात्पुरते आहे, हे उभारणारांना माहीत होते आणि पाहणारांनाही माहीत होते. ज्या कामाकरिता ते उभारले तेवढेच काम त्याने केले, आणि काम संपल्यावर त्याला फैजपूर गाव म्हणण्याचा कोणी आग्रह धरला नाही. आजच्या आयत्या परांचीचे सर्वच याच्या उलट आहे. ती कोठल्याही कामासाठी चालावी म्हणून कोणत्याच विशिष्ट कामाचा विचार तिच्यात नसतो. आणि ती क्षणात उभी राहते म्हणून ती तात्पुरती आहे, याचा उभारणारालाच विसर पडतो.

जो विचार तिच्यात नसतो तोच या सर्व उद्योगाचा गाभा आहे, असे आमचे म्हणणे आहे. साधने पुरविणाऱ्याला तीन निर्णय करावे लागतात: कोणते साधन द्यावयाचे, त्याचे वर्णन कसे करावयाचे, आणि ते कोणाच्या अनुज्ञेने चालावयाचे. हे तिन्ही निर्णय सांगाड्यात रिकामे असतात. परंतु सांगाडा पहिल्याच क्षणी चालू लागतो, आणि चालणारी वस्तू पूर्ण झालेली असते, असे मनुष्याला वाटते. आयत्या बिळावर नागोबा होऊन बसलेल्या आमच्या तरुण मित्राला बिळाची दुसरी तोंडे कोठे उघडतात याची चौकशी करावीशीच वाटत नाही.

पहिला निर्णय घेऊ. समजा, एखाद्या पतपेढीच्या हिशेबासाठी सर्व्हर करावयाचा आहे. सांगाड्यातील नमुन्याचे अनुकरण करून विद्यार्थी पेढीच्या आज्ञावलीत जेवढ्या क्रिया आहेत तेवढ्या सर्व साधने म्हणून मांडून ठेवतो: शिल्लक पाहणे, नाव बदलणे, रक्कम वळविणे, खाते बंद करणे. एकाला एक जोडीत जाण्यास श्रम पडत नाहीत, मग हात आखडता कशाला घ्यावा? परंतु साधनांची यादी जितकी लांब, तितका साहाय्यकाच्या निवडीत घोटाळा अधिक. आणि जे साधन दिलेच नाही ते चुकून चालविले जाणे शक्य नाही, हा सुरक्षिततेचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. बंगळूरची झिरोधा ही शेअरबाजारातील दलाली पेढी या बाबतीत लक्षात ठेवण्याजोगी आहे. तिने २०२५ साली आपल्या ग्राहकांसाठी असा सर्व्हर उघडला, तेव्हा स्वतः चालविलेल्या सार्वजनिक सेवेत आपले शेअर व व्यवहार पाहण्याची साधने दिली, आणि खरेदी-विक्रीची आज्ञा देणारी साधने बाहेर ठेवली. ज्या पेढीचा सारा धंदाच खरेदी-विक्रीवर चालतो तिने आरंभी हेच साधन वगळावे, यात आम्हाला खरी कारागिरी दिसते. ते वगळण्याची बुद्धी कोणत्याही सांगाड्यातून निघत नाही.

दुसरा निर्णय वर्णनाचा. साहित्याच्या मासिकात हा विषय कशाला, असे ज्यांच्या मनात येत असेल त्यांना उत्तर येथे मिळेल. या अवाढव्य यंत्रणेच्या मध्यभागी गद्याची चार वाक्ये आहेत, आणि ती वाक्ये वाईट असतील तर पुढचे सगळे वाईट होते. आमच्याकडचेच उदाहरण घ्या. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. रावेर, यावल, सावदा, फैजपूर या पट्ट्यातील कुटुंबांचे वर्षाचे गणित केळीच्या भावावर बसते. एखादा उत्साही विद्यार्थी त्यांच्यासाठी साधन तयार करतो आणि त्यावर लिहितो, 'केळीचा भाव देते.' सांगाड्यातील 'दोन अंकांची बेरीज करते' या वाक्याचा हा सख्खा भाऊ. बेरजेला तेवढे वर्णन पुरते, कारण बेरीज सर्व गावांत सारखीच असते. भावाचे तसे आहे काय? हा भाव रावेरकडे जाहीर झालेला, की सीमेपलीकडे बऱ्हाणपूरच्या लिलावात निघालेला? या दोहोंच्या तफावतीवरून शेतकरी व व्यापारी यांच्यात वाद होतात, हे येथील लहान मुलालाही माहीत आहे. भाव क्विंटलमागे आहे की आणखी कशामागे? आजचा आहे की कालचा? कोणत्या प्रतीच्या मालाचा आहे? आणि ज्या दिवशी भावच निघाला नाही त्या दिवशी हे साधन काय उत्तर देणार?

या शेवटच्या प्रश्नावर आम्ही विशेष भर देतो. माहिती नसली म्हणजे पुष्कळशा आज्ञावली मुकाट्याने शून्य परत देतात. साहाय्यक ते शून्य घेऊन शेतकऱ्याला शांतपणे सांगणार की, आज केळीला भाव नाही. 'आज भाव जाहीर झालेला नाही; शेवटचा भाव अमुक दिवसाचा, अमुक बाजाराचा' हे वाक्य साधनात लिहून ठेवण्यास पाच मिनिटे लागतात. परंतु ती पाच मिनिटे अशी आहेत की, त्यांपूर्वी एक दिवस बाजारात जाऊन बसावे लागते आणि लोक भाव कसा बोलतात ते ऐकावे लागते. हवामानावर आधारलेल्या फळपीक विम्याचेही तेच. थंडी, उष्णता व वारा यांपैकी कशाने झालेले नुकसान कोणत्या अटींवर भरून मिळते, हे ज्याने स्वतः वाचलेले नाही त्याने 'विम्याची माहिती देते' असे साधन लोकांच्या हाती देऊ नये. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशी त्याची गत होते. आणि येथे त्या नावावर विसंबणारा साहाय्यक वाळा तपासून पाहू शकत नाही.

भाषेचीही गोष्ट यात येते. सांगाडा इंग्रजी नावांनी भरलेला येतो, आणि विद्यार्थी तसाच तो पुढे चालवितो. साहाय्यकाला मराठी समजते, म्हणून काही बिघडत नाही, असे त्याचे म्हणणे असते. परंतु विचारणारा मनुष्य खानदेशी बोलीत विचारणार, गावांची नावे आपल्या वळणाने उच्चारणार, आणि 'बाग कापणीला आली' असे म्हणणार. त्याच्या बोलण्याचा व साधनाच्या वर्णनाचा सांधा कोणी जुळवून दिला नाही, तर साहाय्यक अंदाजाने जुळविणार. अंदाज बरोबर आला तर वाहवा, चुकला तर शेतकऱ्याचे नशीब. जे काम वर्णन लिहिणाराने करावयाचे ते त्याने यंत्राच्या तर्कावर सोडले, याला आम्ही आळस म्हणतो.

तिसरा निर्णय अनुज्ञेचा, आणि तो सर्वांत गंभीर. याविषयी आमच्या दीपनगराला दूर जाऊन काही शिकावयाचे नाही. येथील औष्णिक केंद्राचा पहिला लहानसा संच सुरू झाल्याला अर्धे शतक उलटून गेले. आज ५०० मेगावॅटचे दोन आणि ६६० मेगावॅटचा एक असे संच येथे उभे आहेत. विजेच्या धंद्यात एक शिस्त असते, आणि या वसाहतीतील पुष्कळ घरांना ती तोंडपाठ आहे. यंत्राला हात लावण्यापूर्वी लेखी परवाना घ्यावयाचा. त्यावर यंत्र कोणते, काम कोणते, करणारा कोण व वेळ कोणती हे लिहावयाचे. पुरवठा तोडावयाचा, तो कोणी नकळत जोडू नये म्हणून कुलूप घालून पाटी लावावयाची. काम आटोपल्यावर परवाना परत द्यावयाचा, आणि मगच पुरवठा सुरू करावयाचा. एका यंत्राचा परवाना शेजारच्या यंत्राला चालत नाही. भुसावळच्या रेल्वेतही दुसऱ्या रूपाने तोच नियम आहे. पुढच्या स्टेशनाने 'लाइन क्लिअर' दिल्यावाचून मागच्या स्टेशनाने गाडी सोडावयाची नाही. अनुज्ञा कोणी द्यावयाची? ज्याला पुढची वाट मोकळी असल्याची खात्री करून घेता येते त्याने. ज्याला जाण्याची घाई आहे त्याच्याकडे ती कधीही नसते.

आयत्या सांगाड्यातून निघालेल्या सर्व्हरात या शिस्तीचा मागमूस तरी असतो काय? बहुधा एक किल्ली असते आणि तिने सर्व दारे उघडतात. याचा परिणाम काय होतो हे २०२५ च्या मे महिन्यात इन्व्हेरियंट लॅब्ज या संस्थेने दाखवून दिले. गिटहब या आज्ञावलींच्या जगप्रसिद्ध भांडारासाठी असलेल्या सर्व्हरामार्फत एक साहाय्यक काम करीत होता. कोणालाही लिहिता येईल अशा सार्वजनिक जागी एक तक्रार लिहून ठेवण्यात आली, आणि त्या तक्रारीच्या मजकुरातच साहाय्यकासाठी आज्ञा दडविली होती. साहाय्यकाने तक्रार वाचली, ती आज्ञा मालकाचीच समजून पाळली, मालकाच्या खाजगी दप्तरात शिरला, आणि तेथील मजकूर सार्वजनिक जागी आणून ठेवला. कुलूप कोणी फोडले नाही. सार्वजनिक व खाजगी या दोन्ही दारांना एकच किल्ली होती, एवढेच. शेजारच्या यंत्राला न चालणारा परवाना येथे असता, तर हा प्रयोग दारातच अडला असता.

दुसऱ्याच्या मालावर डोळे मिटून विसंबण्याचेही उदाहरण त्याच वर्षीचे आहे. पोस्टमार्क ही ई-पत्रे पाठविण्याची एक सेवा आहे. तिचे नाव धारण करणारा, परंतु तिने न केलेला एक सर्व्हर कोणीतरी तयार करून सर्वांसाठी ठेवला. एकामागून एक पंधरा आवृत्त्या त्याने इमानेइतबारे काम केले. पुढच्या आवृत्तीत एक ओळ वाढली, आणि त्यातून जाणाऱ्या प्रत्येक पत्राची एक प्रत कर्त्याच्या पत्त्यावर जाऊ लागली. २०२५ च्या सप्टेंबरात ही गोष्ट उघडकीस आली. ज्यांनी तो आपल्या कामात जोडला होता त्यांच्या कामात त्या दिवशी काहीही बिघडलेले दिसत नव्हते. पत्रे वेळेवर पोहोचत होती. चालते आहे, म्हणजे ठीक आहे, या समजुतीचे याहून कडक उत्तर आम्हाला ठाऊक नाही.

आता आक्षेपकांकडे वळू. पहिला आक्षेप असा की, सर्व विद्या अनुकरणानेच येते. आपणही लहानपणी कित्ता गिरवूनच अक्षर शिकलो, मग मुलांनी सांगाडा गिरविला तर आकांत कशाला? दृष्टांत आम्हाला मान्य आहे, आणि तोच आमच्या उपयोगाचा आहे. कित्ता गिरविताना हात प्रत्येक वळणावरून जातो. सांगाड्यात हात कोठूनच जात नाही. याची साक्ष हवी असेल तर एक प्रकार पाहावा. सर्व्हर त्याच गणकयंत्रावर चालत असला, तर ज्या वाटेने तो नेहमी पडद्यावर अक्षरे उमटवितो त्याच वाटेने त्याचे साहाय्यकाशी बोलणे जाते, आणि त्या वाटेवर संकेताबाहेरचा एक शब्दही चालत नाही. टिपणे लिहावयाची तर दुसऱ्या, चुकांसाठी राखलेल्या वाटेने. विद्यार्थी आत काय चालले आहे ते पाहण्यासाठी नेहमीच्या सवयीने एक ओळ छापावयास सांगतो, आणि संवाद बिघडतो. जणू लाइन क्लिअरच्या तारेवर स्टेशनमास्तराने घरच्या गप्पा सुरू केल्या. ज्याने एकदा तरी ती वाट हाताने बांधली त्याला कारण तत्काळ कळते. ज्याने आज्ञा देऊन सांगाडा मिळविला तो तीच आज्ञा पुन्हा देत बसतो.

दुसरा आक्षेप अधिक विचाराचा आहे. प्रत्येक साधन चालविण्यापूर्वी मनुष्याला विचारण्याची सोय असते, तेव्हा अंतिम अधिकार मनुष्याच्याच हाती आहे, असे म्हणतात. नकार देऊ शकणारा मनुष्य मध्ये असावा, असे संकेतातही सांगितले आहे. परंतु 'असावा' आणि 'आहे' यांत फार अंतर असते. एका सकाळी चाळीस वेळा 'चालवू का?' असे विचारले, तर एकेचाळिसाव्या वेळी मनुष्य न वाचताच 'होय' म्हणतो. अनुज्ञा दुर्मिळ व सुबोध असेल तरच ती अनुज्ञा. 'तिसरे साधन चालवू का?' हा प्रश्न निरर्थक आहे. 'अमुक खात्यातून ५,००० रुपये अमुक खात्यात जातील, मागे घेता येणार नाहीत' हा प्रश्न अर्थपूर्ण आहे. 'हे साधन केवळ पाहते' किंवा 'हे साधन नाश करू शकते' अशा खुणा साधनावर लिहिता येतात, हे खरे. परंतु त्या खुणा म्हणजे साधन देणाराने स्वतःविषयी केलेले निवेदन होय, आणि परक्याच्या अशा निवेदनावर विसंबू नये, असे संकेतच बजावतो. पाटी लावली म्हणून पुरवठा तुटत नाही. तो तोडावा लागतो.

तिसरा आक्षेप नव्या पिढीचा आहे. आता साहाय्यक स्वतःच सर्व्हर लिहून देतो. परांचीचाही जमाना गेला, तुम्ही जुन्याच गोष्टीशी भांडत आहात, असे ते म्हणतात. आमच्या मते याने आमचा मुद्दा दुप्पट होतो. यंत्र लिहिते तेही असल्याच सांगाड्यांच्या वळणाने लिहिते. बाजारात जाऊन बसण्याचे काम, पतपेढीच्या कारकुनाला विचारण्याचे काम, काय द्यावयाचे नाही हे ठरविण्याचे काम त्यालाही सांगितल्यावाचून करता येत नाही. लिहिण्याचे श्रम जितके घटले तितकी ठरविण्याची जबाबदारी उघडी पडली आहे. ती कोणी उचलावयाची, एवढाच प्रश्न उरतो.

तेव्हा आमची सूचना थोडक्यात अशी. सांगाड्याची आज्ञा देण्यापूर्वी एक कोरा कागद घ्यावा. कोणाच्या कोणत्या गरजेसाठी हे साधन आहे, ते त्यावर मराठीत लिहावे. प्रत्येक साधनाचे वर्णन आधी तेथे तयार करावे आणि ज्याच्यासाठी ते आहे त्या मनुष्याला वाचून दाखवावे. पाहण्याची साधने व करण्याची साधने निरनिराळी ठेवावीत, आणि प्रत्येकाची किल्ली निराळी असावी. आरंभी केवळ पाहण्याची साधने द्यावीत. उत्तर नसेल तेव्हा साधनाने कोणत्या शब्दांत नाही म्हणावयाचे, तेही लिहून काढावे. मग खुशाल परांची उभारावी. परंतु उभारल्यावर पहिले काम तिच्यातील नमुन्याचे साधन व नको असलेले सर्व काही काढून टाकण्याचे, आणि दुसरे काम बाहेरून आलेल्या प्रत्येक आज्ञावलीचा कर्ता कोण हे पाहण्याचे. यात दहा मिनिटांचे दहा दिवस होतील. ते दहा दिवस हेच शिक्षण होय.

आमच्या महाविद्यालयांकडेही एक मागणे आहे. प्रकल्पाची परीक्षा घेताना सर्व्हर चालतो की नाही एवढेच पाहून गुण देऊ नयेत. वर्णनाचा कागद मागावा, आणि विद्यार्थ्याने काय वगळले ते विचारावे.

आणि सर्वांत शेवटी, ज्या वडील मंडळींना यातले काही कळत नाही असे आम्ही आरंभी म्हटले त्यांना सांगतो की, आपल्याला पुष्कळ कळते. पुढच्या सुट्टीत मुलगा किंवा मुलगी 'सर्व्हर तयार झाला' असे म्हणेल तेव्हा टाळी वाजविण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. याला काय करू द्यावयाचे नाही, असे ठरविले आहेस? याच्या साधनांचे वर्णन आम्हाला मराठीत वाचून दाखव. आणि हा चुकला, तर नुकसान कोणाच्या पदरी पडेल, त्या मनुष्याला तू विचारले आहेस काय? या प्रश्नांना गणकशास्त्र लागत नाही. आयुष्यभर ज्यांनी परवान्याशिवाय यंत्राला हात लावला नाही, अथवा लाइन क्लिअर आल्याशिवाय गाडी सोडली नाही, त्यांनी हे प्रश्न विचारावयाचे नाहीत तर कोणी विचारावयाचे?